दारावरचा प्रश्न : प्रवेशाच्या मुलाखतीचा आणि तिच्या प्रतीक्षेचा इतिहास

१/
बीड जिल्ह्यातील धर्मापुरी हे गाव इतिहासप्रेमींना ठाऊक आहे ते तेथील केदारेश्वर मंदिरामुळे. कल्याणी चालुक्यकालीन शैलीतील या मंदिराच्या बाह्य भिंतींवरील सुरसुंदरी पाहण्यासाठी अभ्यासक दूरवरून येतात. आज याच परिसरातील विद्यार्थी परदेशी विद्यापीठांना अर्ज करू शकतात, आणि त्यांतील काही विद्यापीठे अर्जदाराला एक अनोळखी अनुभव देतात : माजी विद्यार्थ्याने घेतलेली मुलाखत. ती मुलाखत होईल का, केव्हा होईल, झाली नाही तर त्याचा अर्थ काय, या प्रश्नांत कित्येक आठवडे जातात. या प्रतीक्षेला इतिहास आहे आणि तो बराच जुना आहे.

२/
विद्यापीठाच्या दारात उभे राहून प्रश्नांना सामोरे जाण्याचे सर्वांत प्रसिद्ध वर्णन सातव्या शतकातील आहे. चिनी यात्रेकरू ह्युएनत्संग नालंदा महाविहारात राहून शिकला. तो सांगतो की, बाहेरून आलेल्या आणि तेथील चर्चेत भाग घेऊ इच्छिणाऱ्याला दारावरचा पंडित अवघड प्रश्न विचारत असे. अनेकांना उत्तरे देता येत नसत आणि ते आल्या पावली परत जात. त्याच्या सांगण्यानुसार दहांपैकी सात-आठ जण या कसोटीत नापास होत. आजच्या भाषेत बोलायचे तर प्रवेशाचा दर वीस ते तीस टक्के.

३/
पुढे विक्रमशिला विहारात ही व्यवस्था अधिक ठळक झालेली दिसते. तिबेटी परंपरेत तेथील द्वारपंडितांचा आदराने उल्लेख येतो आणि त्यांत नारोपा, रत्नाकरशांती अशी मोठी नावे आहेत. म्हणजे दारावर पहारेकरी नव्हे, तर संस्थेतील अग्रगण्य विद्वान बसत. जो आत राहून घडला आहे, तोच आत येऊ पाहणाऱ्याला पारखू शकतो, ही कल्पना येथे स्पष्ट आहे. माजी विद्यार्थ्यांनी घ्यावयाच्या मुलाखतीमागेही मुळात हीच कल्पना आहे.

४/
दख्खनची परिस्थिती पाहू. इ. स. ९४५च्या साळोटगी (जि. विजयपूर) येथील शिलालेखात राष्ट्रकूट सम्राट तिसरा कृष्ण याच्या नारायण नावाच्या मंत्र्याने विद्याशाळा बांधल्याची नोंद आहे. निरनिराळ्या प्रदेशांतून आलेल्या विद्यार्थ्यांसाठी तेथे २७ निवासस्थाने होती. कल्याणी चालुक्यांच्या काळातील, इ. स. १०५८च्या नागावी (जि. कलबुर्गी) येथील लेखात घटिकास्थानाचा तपशील येतो : वेदाध्ययन करणारे २०० विद्यार्थी, शास्त्रांचे सुमारे ५० आणि ग्रंथभांडार सांभाळणारे सहा ‘सरस्वती-भांडारिक’. ग्रंथपालांची अशी नोंद फार दुर्मीळ आहे.

५/
महाराष्ट्रातील उदाहरण यादवकाळाचे. चाळीसगावजवळच्या पाटण येथे भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन व्हावे म्हणून मठ स्थापन केला. इ. स. १२०७च्या शिलालेखात त्याला मिळालेल्या दानांची नोंद आहे. हा लेख एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी प्रकाशात आणला. एका घराण्याची विद्या पुढच्या पिढ्यांकडे जावी, यासाठी त्याच घराण्यातील माणसाने उघडलेले हे दार होते.

६/
येथे एक गोष्ट विसरता येत नाही. या घटिका, अग्रहारे आणि मठ यांच्या दारावर प्रश्न विचारला जाण्याआधीच एक चाळणी लागलेली असे आणि ती जन्माची होती. वेदविद्येच्या शाळेत बहुसंख्य समाजाला प्रश्न विचारण्याची वेळच येत नसे. जो रांगेत उभाच राहू शकत नाही, त्याला प्रतीक्षाही नसते. म्हणून प्रवेशाच्या इतिहासात ‘किती जण नापास झाले’ यापेक्षा ‘किती जणांना दारापर्यंत पोहोचता आले’ हा प्रश्न आधी विचारावा लागतो.

७/
आता थेट विसाव्या शतकात येऊ. मुंबईत एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकणाऱ्या भीमराव आंबेडकर या विद्यार्थ्याच्या घरी शिक्षणाचा खर्च भागेनासा झाला होता. त्याच्या घरात महाविद्यालयाची वाट आधी कोणी चाललेले नव्हते. ‘कोणाला भेटावे, काय बोलावे, अर्ज कोठे करावा’ हे सांगणारा अनुभवी माणूस घरात नसणे, ही त्या काळीही मोठी उणीव होती. ही उणीव एका शिक्षकाने भरून काढली : कृष्णराव अर्जुन केळूसकर.

८/
केळूसकर गुरुजींनी या मुलाची वाचनाची आवड ओळखली होती. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले, तेव्हा त्यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले होते. पुढे त्यांनीच बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्यापुढे भीमरावांना उभे केले. महाराजांनी काही प्रश्न विचारले, उत्तरांनी त्यांचे समाधान झाले आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मंजूर झाली. ही मुलाखत काही मिनिटांचीच असेल, परंतु तिच्यावाचून बी. ए.ची पदवी कठीण होती.

९/
या प्रसंगात तीन व्यक्ती आहेत : प्रश्न विचारणारा, उत्तर देणारा आणि त्या दोघांची गाठ घालून देणारा. इतिहासात पहिल्या दोघांची नावे मोठी होतात. तिसरा मात्र बहुधा तळटीपेत राहतो. वास्तविक, ज्याच्या पाठीशी वशिला नाही त्याच्यासाठी हा तिसरा माणूसच दार असतो. केळूसकरांनी वशिला लावला असे म्हणता येणार नाही. त्यांनी फक्त गुणवत्ता आणि संधी यांच्यामधील अंतर कमी केले. मुलाखतीतली उत्तरे विद्यार्थ्याचीच होती.

१०/
१९१३ हे वर्ष निर्णायक ठरले. बी. ए. झाल्यावर जानेवारीत भीमराव बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. थोड्याच दिवसांत वडिलांच्या आजारपणामुळे त्यांना मुंबईला परतावे लागले. २ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजी आंबेडकर यांचे निधन झाले. त्याच सुमारास सयाजीराव काही विद्यार्थ्यांना उच्च शिक्षणासाठी अमेरिकेला पाठविण्याच्या विचारात होते. भीमरावांची निवड झाली आणि ४ जून १९१३ रोजी करारावर सह्या झाल्या.

११/
करार असा : दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे, आणि शिक्षण संपल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानची सेवा. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात भीमराव न्यूयॉर्कला पोहोचले आणि कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. वडिलांच्या मृत्यूपासून न्यूयॉर्कच्या बंदरापर्यंतचा काळ जेमतेम साडेपाच महिन्यांचा होता. १९१५ साली त्यांनी एम. ए. केले. १९१६ साली ते लंडनला गेले, तेव्हा कोलंबियातील त्यांचे प्राध्यापक एडविन सेलिग्मन यांनी सिडनी वेब यांना उद्देशून परिचयपत्र दिले. येथेही पुन्हा आतल्या माणसाने दिलेली ओळख होतीच.

१२/
परंतु खरी प्रतीक्षा पुढे होती. लंडनमध्ये अभ्यास सुरू झाला आणि शिष्यवृत्तीची मुदत संपली. १९१७ साली अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. लंडन विद्यापीठाने मात्र ऑक्टोबर १९१७पासून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पूर्ण करण्याची परवानगी दिली होती. पहिले महायुद्ध चालू होते. वेगळ्या बोटीने पाठविलेले त्यांचे सामान व पुस्तके शत्रूच्या हल्ल्यात समुद्रात बुडाली. हाती उरली ती चार वर्षांची मुदत.

१३/
त्या मुदतीचा प्रत्येक महिना मोजावा लागत होता. करारानुसार ते बडोद्याला नोकरीवर गेले, परंतु अस्पृश्य म्हणून तेथे राहायला जागा मिळेना आणि कचेरीत वागणूकही तशीच मिळाली. ती नोकरी सुटली. नोव्हेंबर १९१८मध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले. पगारातून काटकसरीने पैसे बाजूला पडत गेले. छत्रपती शाहू महाराजांनी मदत केली आणि मित्र नवल भथेना यांनी पाच हजार रुपये कर्जाऊ दिले. जुलै १९२०मध्ये ते पुन्हा लंडनला निघाले. मुदत संपायला तेव्हा सव्वा वर्ष उरले होते.

१४/
१९२१ साली एम. एस्सी., १९२३ साली डी. एस्सी. आणि बॅरिस्टरीही. आज या पदव्यांची यादी सर्वांना तोंडपाठ असते. तिच्यामागची १९१७ ते १९२० ही तीन वर्षे तितकी आठवली जात नाहीत. एका विद्यापीठाने जागा राखून ठेवली आणि विद्यार्थ्याने ती जागा गाठण्यासाठी कमाई, बचत व कर्ज असे सारे मार्ग पत्करले. विद्यापीठाने मुदत स्पष्ट शब्दांत सांगितली होती, ही गोष्ट येथे महत्त्वाची आहे. मुदत ठाऊक असली की माणूस आखणी करू शकतो.

१५/
नेमक्या याच सुमारास अमेरिकेत प्रवेशाची रीत पालटत होती. तोवर तेथील नामांकित महाविद्यालयांत ठरावीक विषयांच्या परीक्षांत उत्तीर्ण होणाऱ्याला सहसा प्रवेश मिळत असे. पहिल्या महायुद्धानंतर अर्ज जागांपेक्षा जास्त झाले. १९२०च्या दशकाच्या आरंभी डार्टमथ महाविद्यालयाने निवडीची नवी पद्धत आणली. तिच्यात गुणांबरोबर अर्जदाराचे व्यक्तिमत्त्व पाहिले जाई आणि त्यासाठी ठिकठिकाणी राहणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी अर्जदारांना भेटून आपले मत कळवावे, अशी योजना होती. माजी विद्यार्थ्यांच्या मुलाखतीची आजची रूढी येथून पुढे पसरली.

१६/
वरवर पाहता ही सुधारणा वाटते. कागदावरचे गुण म्हणजे सारा विद्यार्थी नव्हे, हे खरेच आहे. परंतु त्याच काळात ‘व्यक्तिमत्त्व’ आणि ‘चारित्र्य’ या शब्दांचा दुसरा उपयोगही होत होता. हार्वर्डमध्ये ज्यू विद्यार्थ्यांचे प्रमाण १९०० साली सुमारे ७ टक्के होते. १९२२पर्यंत ते सुमारे २१ टक्क्यांवर गेले. हे विद्यार्थी परीक्षेत उत्तम गुण मिळवून येत होते. अध्यक्ष लॉवेल यांना हे प्रमाण खटकले आणि त्यांनी त्यावर उघड मर्यादा घालण्याचा प्रस्ताव मांडला.

१७/
उघड मर्यादेला विरोध झाला. मग १९२६ साली वाट बदलली : विद्यार्थिसंख्येला मर्यादा, निवडीत चारित्र्याला वजन आणि अर्जासोबत छायाचित्र. पुढच्या काळात ज्यू विद्यार्थ्यांचे प्रमाण घटले. नियमात कोणत्याही समाजाचे नाव नव्हते. गुण मोजता येतात, म्हणून त्यांवर वाद घालता येतो. चारित्र्याचे माप मापणाऱ्याच्या मनात असते आणि नाकारलेल्याला ते कधीच दिसत नाही. ज्यांच्या इतिहासात जातिव्यवस्था आहे त्यांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

१८/
भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने याच प्रश्नावर नोव्हेंबर १९८०मध्ये निकाल दिला. श्रीनगरच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रवेशासाठी लेखी परीक्षेला १०० आणि तोंडी मुलाखतीला ५० गुण होते. उमेदवारांची तक्रार अशी की, मुलाखत दोन-तीन मिनिटांत संपली आणि प्रश्न पालकांविषयी व राहण्याच्या ठिकाणाविषयी होते. ‘अजय हसिया विरुद्ध खालिद मुजीब’ या नावाने हा खटला ओळखला जातो.

१९/
न्यायमूर्ती भगवती यांच्या निकालपत्रात मुलाखत सरसकट त्याज्य ठरविलेली नाही. मात्र एकूण गुणांपैकी एकतृतीयांश गुण तिच्या हाती देणे मनमानी ठरते, आणि मुलाखतीला १५ टक्क्यांहून अधिक गुण असू नयेत, असे न्यायालयाने म्हटले. मुलाखतींचे ध्वनिमुद्रण व्हावे, हेही सुचविले. तरीही झालेले प्रवेश रद्द झाले नाहीत, कारण तोवर सुमारे दीड वर्ष उलटून गेले होते. न्याय्य तत्त्व प्रस्थापित झाले, परंतु ज्यांनी दाद मागितली त्यांच्या हातून वेळ निसटली होती.

२०/
मराठवाड्याच्या दृष्टीने या साऱ्याला आणखी एक पदर आहे. १७ सप्टेंबर १९४८पर्यंत धर्मापुरीसह हा सारा प्रदेश हैदराबाद संस्थानात होता. उच्च शिक्षणासाठी हैदराबाद गाठावे लागे आणि १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. मराठी घरातील मुलाला दारावर पहिला प्रश्न भाषेचाच होता. १९५० साली डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केले, तेच आजचे मिलिंद. २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. त्यानंतर दार जवळ आले.

२१/
ज्याला स्वतःला मुदतीत पोहोचण्यासाठी धडपडावे लागले, त्याने पुढच्यांसाठी काय केले, हेही पाहण्यासारखे आहे. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना डॉ. आंबेडकरांनी अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणाचा प्रश्न सरकारपुढे लावून धरला. १९४४ साली मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. स्वातंत्र्यानंतर, १९५४-५५पासून केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आली. राजाच्या मर्जीने मिळणारी मदत नियमाने मिळू लागली, हा या प्रवासातील मोठा बदल आहे.

२२/
मग माजी विद्यार्थ्यांची मुलाखत वाईटच म्हणावी का? अलीकडचा एक पुरावा वेगळे सांगतो. हार्वर्डच्या प्रवेशपद्धतीविरुद्धच्या खटल्यात, ज्याचा अंतिम निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०२३मध्ये दिला, अंतर्गत आकडेवारी उघड झाली. प्रवेश कार्यालयाने दिलेल्या ‘वैयक्तिक’ श्रेणीत आशियाई वंशाचे अर्जदार गोऱ्या अर्जदारांच्या मागे होते. परंतु त्यांना प्रत्यक्ष भेटलेल्या माजी विद्यार्थ्यांनी दिलेल्या श्रेणीत हा फरक जवळजवळ नव्हता. समोरासमोर बसलेल्यांनी अधिक समतोल पारख केली होती.

२३/
म्हणजे दोष भेटीत नसतो. तिला किती वजन, निकष कोणते आणि तिच्यामागचा निर्णय कोणाच्या हाती, यावर सारे अवलंबून असते. ही मुलाखत बहुधा स्वयंसेवक घेतात. ज्या भागात माजी विद्यार्थी थोडे, तेथे ती मिळण्याची शक्यता कमी. म्हणूनच मुलाखत न झाल्यास अर्जाला बाधा येत नाही, असे अनेक विद्यापीठे स्वतःच जाहीर करतात. ब्राउन विद्यापीठाने तर अशा मुलाखती थांबवून अर्जदाराने स्वतः नोंदविलेल्या छोट्या चित्रफितीची सोय केली. मुंबई-पुण्यातील अर्जदाराला समोरचा माणूस सहज मिळतो. बीड जिल्ह्यातील अर्जदाराला दूरदृश्य संवादाची वाट पाहावी लागते किंवा ईमेल येतच नाही. त्या मौनाचा अर्थ नकार असा नसतो. बहुतेक वेळा तो केवळ भूगोल असतो.

२४/
नालंदाच्या दारात आलेल्याला उत्तर तेथेच मिळे. भीमरावांना मिळालेली मुदत वर्षांत मोजलेली आणि लेखी होती. आजच्या अर्जदाराच्या वाट्याला मात्र अनेकदा न सांगितलेला काळ येतो. तो काळ कमी करणे संस्थांच्या हाती आहे. परंतु केळूसकरांनी केलेले काम कोणालाही करता येते. धर्मापुरीसारख्या गावातून जो पहिला विद्यार्थी अशा दारातून आत जाईल, त्याच्यामागून येणाऱ्या दुसऱ्याला ‘अर्ज असा भरतात, मुलाखत अशी होते, ती न झाली तरी घाबरायचे नसते’ एवढे सांगणारा माणूस गावातच असेल. दुसऱ्याची प्रतीक्षा तेवढ्याने बरीच हलकी होईल.